कॅप्टनबाई जमिनीवर बोलत नसत

आमच्या धावपट्टीवर बाईमाणसाला काय म्हणून हाक मारावी, हा प्रश्न कॅप्टनबाई येईपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. आमच्याकडे माणूस मोठा दिसला की भाऊ आणि बाई मोठी दिसली की बाई, एवढ्यावर जग चालतं. पण खांद्यावर सोनेरी पट्ट्या, केस मागे घट्ट बांधलेले, उंची चांगली गड्यासारखी, अशा बाईंना नुसतं बाई म्हणावं तर शाळेतली मास्तरीण वाटते, मॅडम म्हणावं तर बँकेतली आणि सर म्हणावं तर जीभ अडते. चौकीदार मारोतीभाऊंनी एक-दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग एका सकाळी फाटक उघडताना सलाम ठोकून म्हणाले, "राम राम, कॅप्टनबाई." बाईंनी "हं" म्हटलं आणि आत गेल्या. नाव कायम झालं.

मी त्या विमान शिकवणाऱ्या शाळेत ऑपरेशन्सच्या खोलीत बसतो. माजरीकडे कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर नोकरी संपवली आणि घरी बसून बायकोच्या फोडणीत खोड्या काढायला लागलो, तेव्हा तिनेच मला इथे पिटाळलं. काम सोपं आहे. वारा कुठून येतो, कोणतं विमान वर गेलं, कोणतं खाली आलं यावर लक्ष ठेवायचं, रेडिओ ऐकायचा आणि सकाळी पहिल्या उड्डाणाआधी जीप घेऊन धावपट्टीवरून एक फेरी मारायची. गाई असतात, रानडुकरं असतात, त्यांना हाकलायचं. कधी त्यांच्या मागावर आलेलं कुणी असतं. त्याला हाकलत नाहीत, जीपच्या काचा वर करून वाट बघतात. चंद्रपूरच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

बाईंचं ते "हं" मात्र सांगायला हवं. जमिनीवर त्यांचा सगळा संसार त्या एका अक्षरावर चालायचा. जेवलात का बाई? हं. आज ऊन फार आहे. हं. चीफ सरांनी बोलावलंय. हं. सुरुवातीला मला राग यायचा. म्हटलं, एवढी कसली ऐट? आम्ही काय खाणीतले दगड आहोत? मारोतीभाऊ म्हणायचे, "शिकेल बाई हाय, शब्द मोजून वापरते." मी म्हणायचो, "भाऊ, मोजून नाई, कुलूप लावून ठेवते."

ते कुलूप कुठे उघडतं, हे मला एका हिवाळ्यात कळलं. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या बाजूला जाऊन परत यायचं, असा लांबचा सराव होता. पुढे डावीकडे शिकणारा मुलगा, उजवीकडे बाई, मागची सीट रिकामी. बाईंनी माझ्याकडे बघून हनुवटीनेच "चला" अशी खूण केली. मी देवाचं नाव घेऊन बसलो. विमान पळालं, चाकं सुटली, खाली कोळशाचे ढिगारे लहान व्हायला लागले आणि माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये एक अनोळखी बाई बोलायला लागली.

"हे खाली पाण्याची बोडी दिसून राह्यली ना, आमच्या आरमोरीले अशीच होती. उजवा पाय. माया बापानं मले तिच्यात पोहाले शिकवलं, म्हणजे काय, ढकलून देलं. उजवा पाय म्हटलं ना बाबू. वर ये म्हणे, नाई तर मासोया खातील. आता इंजिन थोडं कमी कर. तर मी आली वर, तर बाप काठावर बिडी पेटवून राह्यला होता. त्यानं पाह्यलंच नाई. नाक खाली जाऊन राह्यलं तुयं."

मी मागे वळून पाहिलं, चौथं कुणी बसलंय का म्हणून. नदीपर्यंत बाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे कसे करतात ते सांगितलं. नदीवरून वळताना दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत पाहिलेल्या एका नाटकातल्या खलनायकाची मिशी ऐन रागाच्या भाषणात कशी गळून पडली, ते सांगितलं. तो मुलगा हसत होता आणि हसता हसता त्याचा हात सैल पडून विमान रेघेत चाललं होतं. मधूनमधून "डावा पाय", "उंची बघ", "तिकडचं विमान दिसलं का" हे मिठासारखं चिमटीने पडायचं. परत आलो. चाकं टेकली, इंजिन बंद झालं आणि नळ बंद व्हावा तसं सगळं थांबलं. मी उतरताना म्हटलं, "बाई, त्या मिशीचं पुढे काय झालं?"

"हं," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

आम्हा खालच्या लोकांना बाईंविषयी जे काही कळलं ते असं वरूनच आलं. पोरं उतरून माझ्या खोलीत पाणी प्यायची आणि बातम्या सांगायची. वडील धानगिरणीत मुनीम होते. आई लवकर गेली. लग्न ठरलं होतं, ते त्या मुलालाच नको झालं, कारण बायको आकाशात असेल तर चहा कोण करणार. आरमोरीच्या घरात आता भाऊ-वहिनी, त्यांची पोरं. दिवाळीला बाई जायच्या आणि दुसऱ्याच दिवशी परत यायच्या. मी विचारलं होतं, "काऊन इतक्या लवकर आले बाई?" मला "हं" मिळालं. खरं उत्तर पंधरवड्याने एका पोराबरोबर खाली आलं. "मॅडम म्हणत होत्या, भावाच्या घरी सगळेच बोलते. मले बोलाले जागाच भेटत नाई."

बाई राहायच्या धावपट्टीच्या कडेच्या क्वार्टरमध्ये. दारात एक प्लास्टिकची खुर्ची, समोर पट्टी, पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या. संध्याकाळी त्या खुर्चीत बसलेल्या दिसायच्या, मोबाइल नाही, पुस्तक नाही. मी घरी जाताना सायकलची घंटी वाजवायचो, त्या हात वर करायच्या. मला वाटायचं थांबावं, दोन शब्द बोलावं. पण "हं" ऐकायला किती वेळा थांबणार?

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. विमानाच्या डाव्या पंखाखाली करंगळीएवढी एक नळी असते. तिच्यात समोरून हवा शिरते आणि त्या जोरावर आतल्या घड्याळाचा काटा वेग दाखवतो. वेग फार कमी झाला तर विमान हवेतून निसटून खाली येतं, फार जास्त ठेवला तर उतरताना पट्टी संपते. म्हणून शिकणाऱ्याचा जीव त्या काट्यात अडकलेला असतो. बाई काय करायच्या, निघताना कुंपणाजवळच्या पळसाचं एक पान तोडायच्या आणि वर गेल्यावर चिकटपट्टीने त्या घड्याळावर लावून टाकायच्या. पोरं घाबरायची. बाई म्हणायच्या, "काट्यानं उडते का विमान? नाक कुठी हाय पाह्य. इंजिन काय म्हणते ऐक. काचेवरचा वारा चूप झाला तर समज, हळू झाली तू. शिट्टी मारली तर समज, घाई झाली." आणि वाऱ्याने विमान हिसकलं, पोरगं रडकुंडीला आलं, की ठरलेलं वाक्य, "वाऱ्याले तुयं नाव मालूम नाई. तो तुयावर नाई रागावला."

झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई एवढ्या एकच व्यक्ती होत्या ज्या बाईंना जमिनीवर बोलतं करू शकायच्या, तेही वर्षाकाठी एखादं वाक्य. बाईंच्या क्वार्टरमध्ये दिव्याच्या बटणांवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. शेवंताबाई ते मोडू देईनात. हँगरमधलीही कुंभारणीची घरं त्या झाडूने वळसा घालून सोडायच्या, आणि त्यावरून इंजिनिअरची बोलणी खायच्या. "कुंभारीण घर बांधते तिथी पाळणा हलते बाई. मोडू नये." मी दारातच उभा होतो. म्हटलं, आता या बाईची काही खैर नाही. कॅप्टनबाईंनी त्या मातीच्या गोळ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. लाइट गेलेली होती. "पाळणा हलू दे," त्या म्हणाल्या, "आधी पंखा तर हलू दे." आणि ते घर राहिलं. आतला दिवा सोडून बाई बाहेरचा दिवा लावायच्या.

आता त्यांची खोड सांगतो, कारण त्यांचं नाव खराब झालं ते त्या खोडीपायी. विमान शिकणाऱ्याच्या आयुष्यात एक दिवस येतो, शिकवणारा दार उघडून खाली उतरतो आणि म्हणतो, जा, एकटा एक चक्कर मारून ये. सोलो म्हणतात त्याला. उडायचं, पट्टीला वळसा घालायचा, उतरायचं. इतर शिक्षक पोरगं तयार झालं की उतरून मोकळे होत. बाई म्हणायच्या, "अजून एक चक्कर." पोरगं तयार असायचं, सगळ्यांना दिसायचं, बाईंनाही दिसायचं. तरी अजून एक चक्कर. पोरं वैतागायची. चीफ सर, म्हणजे शाळेचे मुख्य शिक्षक, चिडायचे. लोक म्हणायचे बाई भित्र्या आहेत. मला तसं वाटत नव्हतं. एकदा सोलो झालं की पोरं हळूहळू लांबच्या उड्डाणांना एकटी जाऊ लागतात, मग परीक्षा देतात, मग जातात. परत कोण येतं? बाईंच्या शेजारची ती डावी सीट हीच एक जागा होती जिथे बसलेलं माणूस त्यांचं बोलणं ऐकत होतं. ती सीट रिकामी करायची त्यांची हिंमत होत नव्हती. हे मी कुणाला बोललो नाही, बोललो असतो तर हसले असते.

सरिता कोवे ही त्यांची तेव्हाची शिष्या. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची. घरी गोंडी, शाळेत मराठी, रेडिओवर इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत कमी बोलणारी. आईबाप धान पेरतात, मोहफुलं वेचतात, तेंदूपानं तोडतात. सरकारी मदतीवर ती इथे आली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "काय गं, विमान काऊन निवडलं?" म्हणाली, "आमच्या रस्त्यानं सूरजागडच्या खाणीचे ट्रक जाते काका. दिवसभर धूळ खातो आम्ही. मले वाटलं, वरून जावं." बाईंची आणि तिची जोडी झकास जमली. एक बोलणारी आणि एक ऐकणारी. सरितेबरोबरच्या चकरा इतक्या वाढल्या की शेवटी चीफ सरांनी दोघींना बोलावलं. मी फायली ठेवायला आत गेलो होतो. ते बाईंना म्हणाले, "नियम मी नाही केला. महिनाअखेर एकटी उडाली नाही तर हिला मदत बंद होते, नाव कमी होतं. मग काय, मोहफुलंच वेचायला पाठवायची का परत?" सरितेने मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "हं." पण बाहेर येताना त्यांचा चेहरा उतरला होता.

महिनाअखेरच्या त्या सकाळी मोहाचा वास पार धावपट्टीपर्यंत येत होता. वारा नव्हताच. दोघींनी मिळून फेऱ्या मारल्या, सुरेख उतरल्या, आणि विमान हँगरसमोर येऊन उभं राहिलं. एरवी शिक्षक इंजिन चालू असतानाच खाली उतरतो. बाईंनी इंजिन बंद करायला लावलं. उतरल्या. विमानाभोवती फिरल्या. तेल पाहिलं. मग माझ्या खोलीशी येऊन विचारलं, "वारा?" त्यांनी आपण होऊन मला विचारलेला तो पहिला प्रश्न. म्हटलं, "काहीच नाई बाई. पान हालत नाई." परत गेल्या. दार उघडून सरितेला काही सांगितलं. बंद केलं. परत उघडलं, पुन्हा काही सांगितलं. मग शेवंताबाईकडून चहा मागवला आणि उभ्याउभ्या प्यायल्या. सरिता आत पट्टा बांधून घामाने निथळत बसली होती. चीफ सर खिडकीतून बघत होते. मी मनात म्हणत होतो, सोडा बाई, सोडा तिला. त्या अर्ध्या-पाऊण तासात डाव्या पंखाखाली आणखी कुणाचं काम चाललं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. नळीवर एक लाल टोपडं असतं, ते उडण्याआधी काढतात. काढलेलंच होतं. इतका वेळ विमान उभं राहील असं कुणाला वाटलं होतं?

शेवटी बाईंनी दार लावलं आणि माझ्या खोलीत येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. विमान पळालं. एका माणसाचं वजन कमी झालेलं विमान चटकन उठतं, शिकणाऱ्याला त्याची कल्पना नसते. पळताना काटा हलतोय ना हे बघायचं असतं, आणि नसेल हलत तर तिथेच थांबायचं असतं. सरितेने बघितलं तेव्हा चाकं सुटली होती आणि पट्टी मागे पडली होती.

रेडिओ खरखरला. "मॅडम, स्पीड नाई. काटा शून्यावर."

रेडिओवर मराठीचा शब्द निघाला तर बाई पोरांना वर्गाबाहेर उभं करायच्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा माइक उचलला आणि आरमोरीच्या बोलीत विचारलं, "बाकी सगळं ठीक हाय का?"

"हाय."

"इंजिन?"

"चालू हाय."

"विमान तुया हातात हाय का तू त्याच्या हातात?"

 "माया हातात."

"मंग झालं. पान लावलं हाय समज. रोज लावत होतो ना आपण?"

"ते पान तुम्ही काढत होत्या मॅडम."

"आज खाली आल्यावर काढू. वळव आता, रोजच्या जागी."

विमान वळलं, पट्टीला समांतर जायला लागलं, आणि बाई बोलायला लागल्या. जमिनीवर उभ्या राहून. बोडी, बाप, बिडी, आणि मधे इंजिनचा आकडा, मधे उंची. दारात मारोतीभाऊ येऊन उभे राहिले, झाडू घेऊन शेवंताबाई, मागून चीफ सर. आमच्यापैकी बहुतेकांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. इतका मऊ आवाज या बाईंकडे होता आणि आम्ही इतकी वर्षं "हं" वर काढली, याचं मला त्याही घाईत वाईट वाटलं. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या टेबलाची कड धरून ठेवली होती.

विमान पट्टीकडे यायला शेवटचं वळण घेणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सरिता, आता मी चूप बसते. वारा ऐक, इंजिन ऐक."

"नका ना मॅडम." पोरीचा आवाज फुटला. "तुम्ही बोलत राहा. तुम्ही बोलत असल्या की मले भेव नाई वाटत."

बाईंचा अंगठा बटणावर होता. मी तो बघत होतो.

"मी बोलली तर तुले मीच ऐकू येईन. विमान ऐकू येनार नाई." एवढं म्हणून त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "हे धरा उराडेभाऊ. माह्याजवळ राह्यलं तर मी बोलीन."

मी धरला. काय करणार? विमान आलं. उंच होतं आणि जोरात होतं, माझ्यासारख्या वजनकाट्यावरच्या माणसालाही ते कळत होतं. हळू होऊन पडण्याच्या भीतीने पोरीने वेग सोडलाच नव्हता. चाकं टेकेनात. अर्धी पट्टी संपली. चीफ सर ओरडले, "बोला तिला! परत वर जा म्हणा!" माझा अंगठा बटणाकडे गेला. बाईंनी माझं मनगट धरलं. बांगडी नसलेल्या त्यांच्या मनगटावरची नस मला दिसत होती. मला वाटलं आता संपलं सगळं, पोरगी जाते, बाई जातात, शाळा जाते.

इंजिन गरजलं. विमान पट्टीवरून तसंच वर निघालं आणि रेडिओवर एकच वाक्य आलं, "मी पुन्हा येऊन राह्यली." कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिने ठरवलं होतं. शेवंताबाई खाली बसल्या. बाईंनी माझं मनगट सोडलं आणि हळू म्हणाल्या, "हं."

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा आम्ही सगळे कान देऊन इंजिन ऐकत होतो, जणू आम्हालाच उतरवायचं होतं. विमान एकदा टेकलं, बेडकासारखं उडालं, परत टेकलं आणि पळत पळत पट्टीच्या पार टोकाशी जाऊन थांबलं. मारोतीभाऊंनी टोपी काढून कपाळ पुसलं. मी माइक टेबलावर ठेवला, तेव्हा तो घामाने ओला होता.

सोलो करून आलेल्यावर पाणी ओतायची आमच्याकडे पद्धत आहे. पोरं बादल्या घेऊन धावली, सरितेला नखशिखांत भिजवलं, खांद्यावर घेतलं, नाचवलं. ती रडत होती आणि हसत होती. बाई तिकडे गेल्याच नाहीत. त्या इंजिनिअरला घेऊन डाव्या पंखाखाली गेल्या. नळीचं तोंड करड्या मातीने लिंपलेलं होतं, कुंभाराने गाडग्याचं तोंड बंद करावं तसं नीट. इंजिनिअरने तारेने ती माती काढली. मातीमागून बारीक बारीक कोळी निघाले, पिल्लांसाठी भरून ठेवलेले. शेवंताबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं असावं, आपणच हँगरमधली घरं राखली म्हणून हे झालं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं चीफ सरांना म्हणाल्या, "विमान मी उभं ठेवलं. मी तिले वेळेवर सोडलं असतं तर कुंभारणीले वेळच भेटला नसता."

तेवढ्यात सरिता आली, ओलीचिंब, आणि बाईंच्या पाया पडली. मी वाट बघत होतो. आम्ही सगळेच बघत होतो. मघाशी एवढं बोललेल्या बाई आता काही तरी म्हणतील, पोरीला जवळ घेतील. बाईंनी हात उचलला. तो सरितेच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथे नुसता टेकला. "कपडे बदल," त्या म्हणाल्या. "सर्दी होईल." पोरांनी हाक मारली, गावात जाऊन सगळ्यांना खायला घालायचं होतं, आणि सरिता पळाली. तिने मागे वळून बघितलं नाही. त्यात तिची चूक नव्हती, तिचा दिवस होता तो. बाई मात्र त्या पंखाखाली बराच वेळ उभ्या होत्या.

त्यानंतर बाईंनी "अजून एक चक्कर" म्हणणं सोडून दिलं. पोरगं तयार झालं की इंजिन चालू असतानाच उतरायच्या, दार लावायच्या, पाठ फिरवायच्या. पोरं पटापट सोलो झाली, चीफ सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पण पोरं मला म्हणायची, काका, मॅडम आता वरही जास्त बोलत नाहीत. कामापुरतंच बोलतात. हे मात्र मला कुणी समजावून सांगू शकलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

सरितेचं शिक्षण पूर्ण झालं. ती पुढच्या परवान्यासाठी दूर दुसऱ्या शहरात गेली. एकदा तिचा फोन आला, माझी, शेवंताबाईची, सगळ्यांची विचारपूस केली. मी म्हटलं, "अगं, बाईंना फोन कर ना."  ती म्हणाली, "केला होता काका. त्या 'हं' म्हणाल्या आणि मले रडू आलं. मंग काय बोलू?" मी ते बाईंना सांगितलं नाही.

दिवाळीनंतर शाळेने सरितेचं ते जुनं विमान दुसऱ्या राज्यातल्या आपल्या केंद्रावर न्यायचं ठरवलं, आणि तिथे शिक्षकही हवा होता. बाईंनी आपण होऊन हात वर केला. मारोतीभाऊंनी हार आणला होता, बाईंनी तो घालून घेतला आणि मग काढून विमानाच्या मागच्या सीटवर ठेवला, ट्रंकेजवळ. शेवंताबाईंनी डब्यात वडे दिले. कॅप्टनबाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मीच बोलून टाकलं, "बाई, तुमी गेल्यावर इथी लय सुनं वाटेल."  बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, मला शपथेवर सांगता येईल. पण पाय जमिनीवर होते.

त्या विमानाकडे गेल्या. एकट्याने न्यायचं होतं, त्यामुळे चालवणाऱ्याने डावीकडे बसायचं. त्या उजवीकडच्या दाराने चढल्या आणि उजवीकडेच बसल्या, शिकवणाऱ्याच्या जागी. मी जीप घेऊन पट्टी मोकळी करायला पुढे गेलो होतो, म्हणून विमान माझ्या अगदी जवळून गेलं आणि मला आत दिसलं. डाव्या सीटवर कुणी नव्हतं. त्या रिकाम्या सीटचा पट्टा बाईंनी ओढून, बक्कल लावून, घट्ट बांधलेला होता. रिकाम्या सीटचा पट्टा बांधायचा नियमच आहे, सैल राहिला तर कशात तरी अडकतो. मला नियम माहीत आहे. तरी मला ते बघवलं नाही, मी जीप वळवली, आणि विमान माझ्या पाठीमागून उडालं.